एवारिस्तो वस्तादांच्या कांड्या

आमच्या सान लिसान्द्रोत माणसाला धड नावानं हाक मारायची पद्धतच नाही. माझे केस तांबूस, म्हणून मी जन्मभर ‘तांबडी’. धातुशास्त्राची पदवी घेऊन परत आले, नदीकाठच्या अणुभट्टीत नोकरीला लागले, चांगली इंजिनिअर झाले, तरी गेटवरचा पहारेकरीसुद्धा "काय तांबडे, आज उशीर?" असंच विचारायचा. मी भडकायचे. भडकले की तो आणखी खूश व्हायचा.

एवारिस्तो लुदुएन्या यांचं गावातलं नाव ‘मिलिमीटर’. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे, आणि मीही तेच म्हणते. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची, मग खुर्चीवर बसायचं, असा माणूस. त्यांची बायको नेलिदा सांगायची, "लग्नात अंगठी घालायच्या आधी ह्यानं पाद्रीबाबांना सांगितलं, तुमचा क्रूस डावीकडे झुकलाय म्हणून. माझ्या आईनं तिथंच कपाळावर हात मारला."

त्यांचं काम सांगते. आमच्या अणुभट्टीचं काळीज म्हणजे जाड पोलादाचं एक प्रचंड भांडं. आम्ही त्याला हंडा म्हणतो. बाकी सगळं बदलता येतं; नळ, पंप, झडपा, काहीही. हंडा बदलता येत नाही. हंडा म्हातारा झाला की भट्टी बंद. आणि तो म्हातारा होतो तो गंजून नव्हे. आतून रात्रंदिवस न्यूट्रॉनांचा मारा चालू असतो, पोलादातले अणू जागेवरून उडतात, काही परत बसतात, काही भलतीकडेच अडकतात. वर्षानुवर्षं हे चाललं की पोलाद ताठर होतं. दिसायला तेच, वजनाला तेच, पण मार खाऊन वाकायचं विसरतं आणि एक दिवस तडकेल की काय अशी भीती धरावी लागते.

हंड्याचा तुकडा काढून तर बघता येत नाही. म्हणून हंडा बांधतानाच त्याच पोलादाच्या करंगळीएवढ्या कांड्या कापायच्या, मधोमध खाच पाडायची, कुपीत बंद करून हंड्याच्या आतल्या अंगाला टांगून ठेवायच्या. हंड्याबरोबर त्याही मार खातात. दर काही वर्षांनी एक कुपी बाहेर काढायची, आणि जाड शिशाच्या काचेमागून, यांत्रिक हातांनी, एकेक कांडी लोलकाच्या हातोड्याखाली ठेवून तोडायची. तुटायच्या आधी कांडीनं किती मार पचवला ते मोजायचं. शेजारी कोऱ्या कांड्यांचा आकडा ठेवायचा, म्हणजे ज्या भट्टीत कधी गेल्याच नाहीत त्यांचा. दोन्हींत जेवढी घट, तेवढं हंड्याचं म्हातारपण.

ह्या सगळ्या कांड्या, कोऱ्या काय आणि भट्टीतल्या काय, वस्तादांनी कापलेल्या. सदतीस वर्षांच्या नोकरीत, हंड्याच्या आणि पुढं भट्टीच्या इतर भागांच्या मिळून, तीनशे साठ. प्रत्येक कांडी कापल्यावर टोकाचा जो नखभर तुकडा उरतो, त्यावरही ते कांडीचाच नंबर ठोकायचे आणि खणात ठेवायचे. आमचे साहेब बास्साल्दो नवे आले तेव्हा म्हणाले, "हे भंगार कशाला जपताय?" वस्ताद म्हणाले, "साहेब, भंगाराला नंबर नसतो." खण तसेच राहिले. वस्ताद पुढे निवृत्त झाले, तरी त्या खणांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

दोन हजार नऊ साली तिसरी कुपी निघाली. कांड्या मी तोडल्या. पहिलीच शंभर जूलवर गेली. जूल हे मार मोजायचं आमचं माप. दुसरी अठ्ठ्याण्णव. तिसरी एकशे दोन. कोऱ्या कांड्यांचा जुना आकडा एकशे ऐंशीचा. म्हणजे ऐंशीची घट. आधीच्या दोन कुप्यांतही घट जरा जास्तच वाटली होती. पण पोलादच तसं असेल म्हणून सगळ्यांनी मान डोलावली होती. आता मान डोलावून भागणार नव्हतं. रेघ पुढं ओढली तर सहा वर्षांत हंड्याला रामराम. आम्ही मागत होतो वीस वर्षांची मुदतवाढ, आणि गावातली चारशे घरं त्या भट्टीवर जगत होती. माझंही त्यातलंच एक.

बास्साल्दो मला म्हणाले, "पुन्हा मोज."

"कांडी एकदाच तुटते साहेब," मी म्हटलं. "काय डिंकानं चिकटवू?"

रविवारी मी वस्तादांकडे गेले. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं गायलाच गेले. अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत होतं, येर्बाच्या कडू चहाचा पेला हातोहात फिरत होता, आणि नेलिदा खुशीत होती. पुढच्या महिन्यात वर्कशॉपला वस्तादांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटी तयारसुद्धा होती. नेलिदानं समारंभासाठी नवे बूट आणून ठेवले होते आणि ते मला दोनदा दाखवून झाले होते.

मी माझे आकडे सांगितले. वस्ताद मांस कापत होते. दोरे आडवे धरून कापायचं, सरळ कापलं तर चावता चावत नाही, हे ते प्रत्येक रविवारी प्रत्येकाला सांगायचे, त्या दिवशीही सांगून झालं होतं. मी जुन्या कोऱ्या कांड्यांच्या तुटलेल्या तोंडाचे फोटो पुढे सरकवले. म्हटलं, "बघा की, केवढं चिवट होतं तुमचं पोलाद!"

त्यांनी चष्मा चढवला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला. सुरी खाली ठेवली.

"हे कोऱ्या कांड्यांचे?"

"हो."

"त्र्याहत्तर सालच्या?"

"हो, वस्ताद. का?"

"काही नाही. जेव."

मी जेवले. ते जेवले नाहीत. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही, एवढी शिकलेली मी!

सोमवारी सकाळी सात वाजता वस्ताद गेटवर हजर. अंगात चर्चला जायचा कोट. त्या दिवशी तपासणी मंडळाचे इरिबार्ने आले होते. कपाळावर कायम आठ्या, बोलणं तोलूनमापून, हसणं बहुतेक घरी ठेवून येणारा माणूस. बास्साल्दो साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. वस्ताद दार वाजवून आत आले आणि उभ्यानंच बोलले.

"कोऱ्या कांड्या चुकीच्या दिशेनं कापल्यात. मी कापल्यात."

बास्साल्दोंनी खुर्ची पुढं सरकवली. मीच म्हटलं, "वस्ताद, बसा आधी. नीट सांगा."

त्यांनी सांगितलं. पोलादाची लादी लाटून बनते, आणि लाटताना आतले मळाचे बारीक कण ताणून दोऱ्यासारखे लांब होतात. कांडी त्या दोऱ्यांच्या आडवी कापायची असा आमच्या कामाचा नियम, कारण आडवी कांडी लवकर तुटते, आणि हंड्याचा विचार नेहमी वाईटातलं वाईट धरून करायचा. दोऱ्यांच्या दिशेनं कापली तर कांडी फुकटची चिवट ठरते. दोरे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लादीवर पांढऱ्या रंगानं बाण काढलेला असतो.

"त्या वेळी हंडा बसत होता," वस्ताद म्हणाले. "शुक्रवारी दुपारी वर्कशॉपमागं आमचा आसादो, निखाऱ्यावर मांस भाजायचा बेत, असायचा. टेबल नव्हतं. ती लादी होती कमरेएवढ्या उंचीवर, ठोकळ्यांवर ठेवलेली. तिच्यावर कागद अंथरून आम्ही मांस कापायचो. एका शुक्रवारी चरबी सांडली, चांगली पसरली. सोमवारी बाहेरचे पाहुणे बघायला येणार होते. मी लाजेखातर थिनरनं लादी घासून लख्ख केली. बाणही गेला. मग मी आठवून नवा काढला."

"आठवून?" इरिबार्नेंनी विचारलं.

"आठवून. मला खात्री होती. भट्टीतल्या कांड्या त्याआधीच कापून झाल्या होत्या, त्या आडव्याच आहेत. कोऱ्या चोवीस नंतर कापल्या. काल फोटो पाहिला. आडव्या कांडीचं तुटलेलं तोंड पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. ह्यांचं तसं नाही."

इरिबार्ने खुर्चीत मागं रेलले. "छत्तीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आकडा चांगला आला की कोण प्रश्न विचारतं, साहेब?"

"आणि आज, भट्टी बंद पडायची वेळ आल्यावर, गावातला एक निवृत्त माणूस कोट घालून येतो आणि म्हणतो कोरा आकडाच खोटा. तुमच्या पुतण्याची नोकरीही इथंच आहे ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी वाकडं बोलणारच होते, पण वस्तादांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला.

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. पोलादाला विचारा. तुटलेल्या कोऱ्या कांड्यांचे अर्धे तुकडे कोठीत असतील. घासा, आम्ल लावा, भिंगाखाली धरा. दोरे लांबीच्या दिशेनं दिसले तर मी खरा. आडवे दिसले तर म्हातारा गाव वाचवायला खोटं बोलला म्हणून लिहा."

तसंच केलं. इरिबार्ने माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. मी तुकडा घासला, आरशासारखा केला, आम्ल लावलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या बारीक रेघा, कांडीच्या लांबीच्या दिशेनं, एकाशेजारी एक. इरिबार्ने बराच वेळ डोळा लावून राहिले. मग फक्त म्हणाले, "दुसरा." असे सहा पाहिले. सहाही तसेच.

लादीचा उरलेला भाग कोठीत होताच. नव्या कोऱ्या कांड्या दुसऱ्या शहरात कापून घ्यायच्या ठरल्या. "ह्या माणसाकडून नाही," असं इरिबार्ने वस्तादांच्या देखत म्हणाले. वस्तादांनी मान हलवली. त्या कांड्या तुटल्या त्या एकशे तीसवर. म्हणजे खरी घट तीस जूलची, ऐंशीची नव्हे. हंडा आपल्या वयाप्रमाणे म्हातारा होत होता, त्याहून पुढे पळत नव्हता. त्या संध्याकाळी मी गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून नुसती श्वास घेत राहिले.

आता अहवाल लिहायचा होता. बास्साल्दोंनी मला आणि वस्तादांना बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "असं करू, ‘खुणेत त्रुटी आढळली’ एवढंच लिहू. कुणाचं नाव नको. पाटी तयार आहे, समारंभ ठरलाय, काम पण झालंय. कशाला जुनं उकरायचं?"

मला ते पटलं होतं. कबूल करते. मी म्हटलंसुद्धा, "वस्ताद, नेलिदानं बूट आणलेत."

"बूट परत होतात," वस्ताद म्हणाले. "तू इंजिनिअर ना गं तांबडे? ज्या चुकीला मालक नाही, ती कुठं कुठं शोधणार? उद्या तुझ्या जागी दुसरं कुणी येईल. त्याला कळायला नको, कुणाच्या हातच्या कांड्यांवर शंका घ्यायची? नाव लिही. पूर्ण लिही. आणि खाली लिही, ह्या माणसाच्या बाकीच्या तीनशे छत्तीस कांड्याही तपासा."

"त्या कशाला?" बास्साल्दो ओरडलेच. "त्यांचं काय बिघडलंय?"

"मला माहीत नाही," वस्ताद म्हणाले. "ह्या चोवीसांबद्दल पण मला खात्रीच होती."

तेव्हा कुठे मला कळलं की ह्या माणसाचं काय पणाला लागलंय. पाटीची त्यांना फिकीर नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना एवढंच कळत नव्हतं, की आपण आयुष्यभर जे केलं ते सरळ होतं की वाकडं. आणि ते शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं.

अहवालात पूर्ण नाव गेलं आणि समारंभ रद्द झाला. गावानं आभार मानले, हो, भरपूर मानले. खाटिकानं पैसे घेतले नाहीत, पाद्रीबाबांनी नाव घेऊन प्रार्थना केली. पण आमचं गाव ते. क्लबात पत्त्यांच्या टेबलाशी वस्तादांच्या खुर्चीवर कुणीतरी खडूनं बाण काढून ठेवला आणि म्हणालं, "मिलिमीटर, ह्या दिशेनं बसायचं बरं का!" सगळे खो खो हसले. वस्तादही हसले म्हणे. पण त्यानंतर ते क्लबात गेले नाहीत. जेवणही सुटल्यासारखं झालं. नेलिदा मला रस्त्यात गाठून विचारायची, "झालं का गं तुझं?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही."

तीन महिने लागले. खणातले ते नखभर तुकडे, तीनशे छत्तीस. जपून ठेवले होते म्हणून जमलं, नाहीतर भट्टीत टांगलेल्या कांड्यांना कोण हात लावणार? एकेक तुकडा राळेत बसवायचा, घासायचा, आम्ल, पाणी, भिंग, नोंद. दिवसाला सातआठ. बास्साल्दो म्हणाले, नमुन्यादाखल तीस बघ आणि सोडून दे. मी नाही सोडलं. मला हट्टी म्हणा, गावात तसंही म्हणतातच.

दोनशे अकरावा तुकडा भिंगाखाली सरकवला. रेघा उभ्या. लांबीच्या दिशेनं, स्पष्ट. मी डोळा काढला, पुन्हा लावला. उभ्याच. अर्धा तास मी स्टुलावर बसून राहिले. हे नेलिदाला कसं सांगू, एवढंच डोक्यात. मग तुकड्यावरचा नंबर शोधला, तर तो वरच्या बाजूला असायच्या ऐवजी कडेला. राळेत तुकडा मीच आडवा बसवला होता! सकाळी घाईत, खात्रीनं, न बघता. मी जीभ चावली. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर तांबडीचा चेहरा केसांहून लाल झालेला सगळ्यांना दिसला असता. तुकडा काढला, नीट बसवला. रेघा आडव्या. त्या दिवसापासून मी आधी पाहिलेले दोनशे दहाही पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

शेवटचा तुकडा संपला तो शुक्रवार. शनिवारी सकाळीच मी त्यांच्या घरी गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. ह्या माणसानं आपलं नाव काढून आमच्या पुढ्यात ठेवलं होतं. माझी नोकरी, माझं घर, माझ्या मुलींची शाळा, सगळं त्यावर उभं होतं. त्यांचे आभार नीट, शब्दांत मानायचे, हे मी ठरवून निघाले होते.

वस्ताद स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. मला पाहून उठले नाहीत. नेलिदानं शेगडी बंद केली आणि एप्रनला हात पुसत उभी राहिली.

"आधी बस," वस्ताद म्हणाले. "येर्बा घे."

"आग लागो त्या येर्बाला," नेलिदा म्हणाली. "सांग पोरी! तीन महिने हा माणूस माझ्या घरात भुतासारखा फिरतोय."

"सगळ्या आडव्या आहेत," मी म्हटलं. "तीनशे छत्तीसच्या तीनशे छत्तीस. चुकल्या त्या फक्त चोवीस."

वस्ताद टेबलावरचा ब्रेडचा चुरा बोटानं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "नमुन्याला काही पाहिल्यास, का..."

"एकूणएक. दोनशे दहा तर दोनदा."

"तू स्वतः?"

"मी स्वतः."

"सत्तावन्न नंबर? त्याचं टोक जरा खरखरीत राहिलंय."

"राहिलंय. पाहिलं मी."

"एकशे तीनवरचा तीन मी उलटा ठोकला होता, मग वरून सुलटा ठोकला."

"तोही पाहिला, वस्ताद."

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "सदतीस वर्षं," ते म्हणाले. "कापायची, नंबर ठोकायचा, द्यायची. ती भट्टीत जायची, नाहीतर तुटायची. लोक आकडा बघायचे. बरोबरच आहे, आकडाच बघायचा असतो. पण कांडीकडे कधी कुणी पाहिलं नाही गं. तू सगळ्या पाहिल्यास." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार उपकार झाले, तांबडे."

मी ठरवून आणलेलं एकही वाक्य तोंडातून फुटेना. टेबलावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. वस्ताद माझ्या पाठीवर थोपटत नेलिदाला म्हणाले, "अगं, बघत काय राहिलीस? हिला काहीतरी खायला दे. बिचारीनं माझे तीनशे छत्तीस तुकडे पाहिलेत."